रिमोट दाबला तरी टीव्ही ऐकेना

उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडवत नाही, घरातली माणसं टीव्हीसमोर बसतात आणि रिमोटच्या तक्रारींची पत्रं वाढतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. पत्रं बरीच लांब होती, म्हणून मुद्दा तेवढा ठेवला आहे. नवा रिमोट आणायला निघण्याआधी एक गोष्ट जरूर करा. दोष पाठवणाऱ्या रिमोटमध्ये आहे, टीव्हीच्या डोळ्यात आहे की दोघांमधल्या उजेडात, हे घरीच ठरवा. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी रिमोट निर्दोष होता.

प्रश्न: हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे आणि टीव्ही तिच्या समोरच्या भिंतीवर. दिवसभर रिमोट नीट चालतो. संध्याकाळी पाच वाजायच्या सुमारास मात्र टीव्हीपाशी जाऊन दाबावा लागतो. दिवेलागणीनंतर आपोआप सुधारतो. मे महिन्यात हा त्रास नव्हता, दिवाळीनंतर सुरू झाला. सेल दोनदा बदलले. (चोपडा)

उत्तर: सेल चांगले आहेत, रिमोटही पूर्ण ताकदीने बोलतोय. टीव्हीचा डोळा उन्हाने दिपला आहे.

रिमोटच्या टोकाला जो एलईडी असतो, त्यातून साधारण 940 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो. तो आपल्याला दिसत नाही. बटण दाबलं की हा प्रकाश बहुतेक रिमोटमध्ये सेकंदाला 38,000 वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकीचे लहानमोठे तुकडे करून संदेश तयार होतो. टीव्हीतला रिसीव्हर, म्हणजेच हा डोळा, फक्त या 38 किलोहर्ट्‌झच्या लुकलुकीकडे लक्ष देतो. त्याचं काळं कवच डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवतं, पण उन्हातही 940 नॅनोमीटरचा प्रकाश भरपूर असतो. तो कवचातून सरळ आत येतो. ऊन स्थिर असल्यामुळे रिसीव्हर त्याला संदेश समजत नाही, हे खरं. तरी आतल्या प्रकाश टिपणाऱ्या डायोडमधून इतका करंट वाहायला लागतो की त्याचीच खरखर वाढते आणि रिमोटचा बारीक संदेश तिच्यात बुडतो. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कानात कुजबुजावं, तसं होतं. जवळ गेल्यावर का चालतो? अंतर निम्मं केलं की डोळ्यावर पडणारा रिमोटचा प्रकाश चौपट होतो, म्हणून.

खात्री करून घ्यायला एक वर्तमानपत्र पुरे. ऐन त्रासाच्या वेळी घरातल्या कुणाला तरी खिडकी आणि टीव्हीच्या मध्ये वर्तमानपत्र धरून उभं करा, सावली टीव्हीच्या खालच्या पट्टीवर पडू द्या आणि नेहमीच्या जागेवरून रिमोट दाबा. चालला, तर कारण ऊनच.

दिवाळीनंतर त्रास का सुरू झाला, तेही सांगतो. चोपडा साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे जूनच्या अखेरीस सूर्य पश्चिमेच्या 25 अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरच्या अखेरीस 25 अंश दक्षिणेला. सहा महिन्यांत मावळती 50 अंशांनी सरकते. तुमच्या खिडकीतून मे महिन्यात जी तिरीप शेजारच्या भिंतीवर पडत होती, तीच आता टीव्हीवर येते आहे. फेब्रुवारीनंतर ती पुन्हा सरकेल, पण पुढच्या हिवाळ्यात परत येईल.

आता उपाय. आधी डोळा कुठे आहे ते शोधा. टॉर्च तिरपा मारला की खालच्या पट्टीत, कंपनीच्या नावाजवळ किंवा उजव्या कोपऱ्यात गडद रंगाची बारीक खिडकी दिसते. तिच्यावर जाड काळ्या कागदाचं छज्जासारखं छप्पर करा. ते 3 सेंटिमीटर पुढे आलेलं आणि 3 सेंटिमीटर रुंद असावं, दोन्ही बाजूंना कान दुमडलेले असावेत. मास्किंग टेपने ते फक्त पट्टीवर चिकटवा, पडद्यावर टेप लावू नका. डोळ्याची ही बारीक खिडकी 1 सेंटिमीटर उंच धरली, तर असं छप्पर 18 अंशांपेक्षा वर असलेला सूर्य पूर्ण अडवतं. आपल्याकडे मावळतीच्या बाजूला सूर्य तासाला साधारण 14 अंश खाली येतो. म्हणजे शेवटचा सव्वा तास हे छप्पर पुरेसं पडणार नाही. 5 सेंटिमीटरचं केलं तर तो वेळ पाऊण तासावर येईल. तेवढ्या वेळापुरता पडदा ओढायचा.

पडदा जाड हवा. पातळ सुती पडद्यातून आणि खिडकीच्या काचेतून अवरक्त प्रकाश बराच आत येतो. काचेवरच्या गडद फिल्मवरही विसंबू नका. डोळ्यांना काळी दिसणारी फिल्म 940 नॅनोमीटरला बऱ्यापैकी पारदर्शक असू शकते. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा लावत असाल, तर तोच इथे उत्तम काम करतो. भिंतीवरचा स्टँड फिरणारा असेल, तर टीव्ही 10 ते 15 अंश वळवून पाहा. पुष्कळ घरांत तेवढ्यानेच काम होतं.

जाता जाता: हा त्रास रिमोटच्या जन्माइतका जुना आहे. 1955 मध्ये अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने फ्लॅश-मॅटिक नावाचा रिमोट काढला होता. तो हातात धरायच्या टॉर्चसारखा होता आणि पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदी डोळे बसवलेले होते. ऊन एखाद्या कोपऱ्यावर पडलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा.

प्रश्न: रात्री हॉलमधला सीएफएल लावला की पहिली चार-पाच मिनिटं सेट टॉप बॉक्स रिमोटला दाद देत नाही. नंतर बरं चालतं. थंडीत हा वेळ वाढतो. हे खरंच दिव्यामुळे होतं का? (शहादा)

उत्तर: हो, दिव्यामुळेच. तुम्ही पाच मिनिटांची जी नोंद केली, तीच रोगाची खूण आहे.

सीएफएलमध्ये पारा असतो आणि पेटवण्यासाठी अरगॉनसारखा वायू असतो. दिवा गार असताना पाऱ्याची वाफ कमी असते, म्हणून सुरुवातीला अरगॉन जास्त चमकतो. अरगॉनच्या प्रकाशातल्या काही ठळक रेषा 912 आणि 965 नॅनोमीटरच्या आहेत, म्हणजे रिमोटच्या प्रकाशाच्या अगदी शेजारच्या. दिवा तापला की पारा पुढे होतो आणि अवरक्त प्रकाश ओसरतो. सातपुड्याच्या पायथ्याला थंडी चांगली पडते, तिथे दिवा तापायला वेळ लागतो आणि तेवढा त्रास लांबतो.

उन्हापेक्षा हा त्रास वेगळा असतो, कारण हा प्रकाश स्थिर नाही. दिव्याच्या बुडातलं इलेक्ट्रॉनिक चोक सेकंदाला साधारण वीस हजार किंवा त्याहून अधिक वेळा करंट उलटसुलट करतं आणि प्रकाश त्याच्या दुप्पट वेगाने लुकलुकतो. हा आकडा 36 ते 40 हजारांच्या आसपास आला, की रिसीव्हरला तो रिमोटच वाटतो. चांगले उत्पादक हा पट्टा टाळतात, स्वस्त दिव्यांत तशी काळजी नसते. अखंड गोंगाट ऐकू आला की रिसीव्हर स्वतःच आपली संवेदना कमी करतो, नाहीतर टीव्ही भलत्याच आज्ञा पाळू लागेल. त्यामुळे रिमोट ‘मेल्यासारखा’ वाटतो.

उपाय सरळ आहे, तो दिवा काढून एलईडी बल्ब लावा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात 940 नॅनोमीटरचा भाग जवळजवळ नसतो. काढलेला सीएफएल फेकू नका, आत पारा आहे. बॉक्स दिव्याखालून हलवणं किंवा वर सांगितलेलं छप्पर लावणं, हे तात्पुरतं ठीक आहे. दिवा वरून असतो, त्यामुळे या छपराचा इथे उन्हापेक्षाही जास्त उपयोग होतो.

प्रश्न: एकत्र कुटुंब आहे. हॉलमध्ये आणि सासूबाईंच्या खोलीत एकाच कंपनीचे दोन बॉक्स आहेत. मध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. आम्ही चॅनल बदललं की त्यांची मालिका बदलते. आता नवा रिमोटवाला पंखा आणला, तर टीव्हीचा आवाज वाढवताना पंख्याचा वेगही वाढतो. (धुळे)

उत्तर: हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण मूळ एक आहे: पत्ता.

आपल्याकडच्या पुष्कळ बॉक्स, पंखे आणि संगीत संचांच्या रिमोटमध्ये ‘एनईसी’ नावाची पद्धत वापरतात. तिचा संदेश असा असतो: 9 मिलिसेकंदांची लांब हाक, 4.5 मिलिसेकंदांची शांतता, मग 8 बिटांचा पत्ता, तोच पत्ता उलटा (0 च्या जागी 1 आणि 1 च्या जागी 0), मग 8 बिटांची आज्ञा आणि तीही उलटी. मूळ पद्धतीत पूर्ण संदेश 67.5 मिलिसेकंदांचा. उलटी प्रत दिलेली असते ती पडताळणीसाठी. 8 बिटांत पत्ते 256 होतात आणि जगभरचे स्वस्त उत्पादक त्यातले तेच ते पत्ते वापरतात. एकाच कंपनीच्या दोन बॉक्सचा पत्ता तर एकच असणार. त्यांना आपापला रिमोट ओळखता येत नाही, तसं ते बनवलेलेच नाहीत.

दोन बॉक्सच्या बाबतीत पत्ता बदलता येत नसेल तर वाट अडवावी लागते. अवरक्त प्रकाश विटांच्या भिंतीतून जात नाही, पण पांढऱ्या भिंतीवरून, कपाटाच्या आरशावरून आणि फरशीवरून परावर्तित होतो आणि पातळ पडद्यातून पार होतो. आधी पडदा दुहेरी, जाड कापडाचा करा. मग सासूबाईंचा बॉक्स दाराच्या रेषेतून बाजूला घ्या. तरीही थांबलं नाही, तर त्या बॉक्सच्या डोळ्यावर बोटभर लांबीची नळी बसवा. ती पुठ्ठ्याची करून बाहेरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलेली असावी आणि तोंड त्यांच्या पलंगाकडे वळवलेलं असावं. काळी इन्सुलेशन टेप अवरक्त प्रकाश पूर्ण अडवेलच असं नाही, फॉइल अडवतं. पक्का उपाय हवा असेल, तर काही बॉक्सना ब्लूटूथ किंवा रेडिओचा रिमोट जोडता येतो. तुमच्या बॉक्सला ती सोय आहे का, ते ग्राहक सेवेला विचारा. रेडिओ रिमोट एकाच बॉक्सशी जोडला जातो, म्हणून भांडण मिटतं.

पंख्याच्या बाबतीत रिसीव्हर मधल्या डब्यात किंवा कप्प्यात असतो आणि तो खाली सगळीकडे बघतो. टीव्हीचा रिमोट खाली झुकवून धरा, पंख्याकडे प्रकाश कमी जाईल. खरेदी नुकतीच झाली असेल, तर दुसऱ्या पत्त्याचा रिमोट आणि रिसीव्हर बदलून मिळतो का ते दुकानदाराला विचारा. तो हक्काने मागायला हरकत नाही.

प्रश्न: परवापासून टीव्ही, बॉक्स आणि एसी, तिघांचेही रिमोट एकदम बिघडले. चार वेळा दाबलं की एखाद वेळी लागतं. मेकॅनिक म्हणतो, सगळ्यांचे सेन्सर विजेच्या झटक्याने गेले. (नंदुरबार)

उत्तर: तिन्ही सेन्सर एकाच वेळी अर्धवट जात नाहीत. घरात कुठल्या तरी रिमोटचं बटण दबून राहिलं आहे आणि तो अखंड बोलतोय, हीच शक्यता मोठी.

‘चार वेळा दाबलं की एखाद वेळी’ हे तुमचं निरीक्षण गणिताशीही जुळतं. एनईसी रिमोटचं बटण दाबून धरलं की पहिल्या संदेशानंतर तो दर 108 मिलिसेकंदांनी ‘तेच, तेच’ अशा अर्थाची साधारण 12 मिलिसेकंदांची हाक देत राहतो. मध्ये 96 मिलिसेकंद मोकळे उरतात. दुसऱ्या रिमोटचा 67.5 मिलिसेकंदांचा संदेश त्या फटीत नेमका बसला तर लागतो, नाहीतर दोन्ही एकमेकांवर पडतात, उलटी प्रत जुळत नाही आणि टीव्ही संदेश फेकून देतो. फटीत नेमकं बसण्याची शक्यता साधारण चारातली एक.

सगळ्या रिमोटचे सेल काढा: एसी, पंखा, जुना डीव्हीडी, मुलांची खेळणी, अगदी माळ्यावर पडलेल्या रिमोटचेही. फक्त टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल ठेवून तपासा. आता नीट चालला, तर बाकीच्यांत एकेक करून सेल घाला. ज्याच्यात घातल्यावर त्रास परत येईल तो गुन्हेगार. अंधारात मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही तो पकडता येतो, कुणीही न दाबता त्याच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. सोफ्याच्या गादीखाली अडकलेला रिमोट, बटणांत मुरलेला चहा आणि रिमोटला घातलेलं घट्ट प्लास्टिकचं कव्हर ही नेहमीची तीन कारणं. कव्हर धुळीपासून वाचवतं, पण ते ताणून रबर लावून बसवलं की कोपऱ्यातलं बटण कायम दाबलं जातं. काही रिमोट थोड्या वेळाने स्वतःच गप्प होतात. सगळे होत नाहीत.

प्रश्न: रिमोट फक्त फूटभर अंतरावरून चालतो. सेल नवे आहेत. घराजवळ जिनिंग आहे, धूळ आणि कापसाचे बारीक तंतू उडतात. (अमळनेर)

उत्तर: मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त गाळणी असते, म्हणून पुढचाच वापरा. घरातल्या दुसऱ्या चांगल्या रिमोटचा ठिपका शेजारी पाहा. तुमचा फिका दिसला तर दोष रिमोटमध्ये, सारखाच दिसला तर टीव्हीकडे.

फिका असेल तर सेलपासूनच सुरुवात करा, नवे असले तरी. बिनभाराचा 1.5 व्होल्ट फसवतो. सेलला 10 ओहमचा रेझिस्टर सेकंदभर लावून मल्टिमीटरवर पाहा. व्होल्टेज 1.2 च्या खाली गेलं तर तो सेल घड्याळात चालेल, रिमोटमध्ये नाही. बटण दाबताच एलईडीला क्षणभर शंभर मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त करंट लागतो, तो थकलेला सेल देऊ शकत नाही. एक जुना आणि एक नवा सेल घालू नका. स्प्रिंगवर पांढरी बुरशी असेल आणि सेल अल्कलाइन असेल, तर कापसाच्या काडीवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब घेऊन पुसा, मग ओल्या कापसाने, मग कोरडं करा. साध्या सेलच्या गळतीला ओलसर कापूस पुरतो. गंज खोल असेल तर बारीक पॉलिश पेपर.

पुढे रिमोट उघडा. टोकाच्या प्लास्टिकच्या खिडकीवर आणि एलईडीवर कापसाची मऊ आणि तेलकट धूळ साचली असेल, ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. रबराच्या बटणांखालच्या काळ्या टिकल्या आणि प्लेटवरच्या काळ्या रेषा हलक्या हाताने पुसा. घासू नका, कार्बनचा थर निघून येतो. टिकलीऐवजी फॉइल चिकटवण्याचा जुना तोडगा काही महिने चालतो, पण प्लेटच्या रेषा खरवडतो. काही मोजकी बटणंच गेली असतील तर करा, नाहीतर शे-दोनशे रुपयांचा नवा रिमोट बरा.

रिमोट आपटल्यानंतर हे सुरू झालं असेल आणि तो जुना असेल, तर आत 455 किलोहर्ट्‌झचा सिरॅमिक रेझोनेटर शोधा. निळ्या किंवा पिवळ्या रंगाचा, दोन पायांचा. 455 ला 12 ने भागलं की 37.9 येतात, तीच ती 38 किलोहर्ट्‌झची लुकलुक. आपटल्यावर तो आतून तडकतो. कॅमेऱ्यात ठिपका दिसतो आणि तरी टीव्ही ऐकत नाही, कारण कॅमेऱ्याला लुकलुकीचा वेग कळत नाही. तोच आकडा पाहून नवा रेझोनेटर लावा. नवीन रिमोटमध्ये हा भाग बहुधा चिपच्या आतच असतो.

प्रश्न: स्मार्ट टीव्हीच्या रिमोटचं फक्त चालू-बंदचं बटण चालतं, बाकी काहीच नाही. (यावल)

उत्तर: तुमचा रिमोट दोन भाषा बोलतो. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत चालू-बंदची आज्ञा अवरक्त प्रकाशाने जाते आणि बाकी ब्लूटूथने. ब्लूटूथची जोडणी तुटली आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये रिमोट पुन्हा जोडा, पद्धत टीव्हीच्या पुस्तिकेत असते. टीव्हीच्या मागे यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क लावली असेल तर ती काढून पाहा. तिच्या गोंगाटामुळे 2.4 गिगाहर्ट्‌झचं ब्लूटूथ बिघडतं. यात उन्हाचा किंवा दिव्याचा संबंध नाही.

प्रश्न: बॉक्स बंद केला की टीव्हीही बंद होतो. दुसऱ्या कुणाचा रिमोट मध्ये येतोय का? (पाचोरा)

उत्तर: नाही. एचडीएमआय केबलमधून ही उपकरणं आपापसात बोलतात, त्या सोयीला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती वेगवेगळ्या नावांनी असते. नको असेल तर बंद करा.

प्रश्न: साउंडबार आणल्यापासून टीव्हीचा रिमोट हात उंच करून दाबावा लागतो. (पारोळा)

उत्तर: साउंडबार टीव्हीच्या डोळ्यासमोर उभा आहे. दोन बोटं खाली किंवा पुढे सरकवा, नाहीतर टीव्ही लाकडी पाटावर उचला. टीव्हीवर टाकलेला विणकामाचा रुमाल आणि समोरचा कूलर यांच्याकडेही एकदा पाहा.

प्रश्न: फक्त बॉक्सचा रिमोट कमी अंतरावरून चालतो, तोही बॉक्स तासभर चालल्यावर. उन्हाळ्यात जास्त. दुसऱ्या घरी नेला तर तोच रिमोट त्यांच्या बॉक्सवर उत्तम. (भुसावळ)

उत्तर: तुम्ही अर्धी तपासणी करूनच लिहिलंत, त्यामुळे उत्तर सोपं झालं. रिमोट आणि उजेड दोन्ही सुटले. संशय बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरवर आहे.

अ‍ॅडॉप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. भुसावळला उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात अ‍ॅडॉप्टर टीव्हीमागच्या बंद कप्प्यात. सुकलेल्या कपॅसिटरमुळे 12 व्होल्टवर लहरी येतात. त्या रिसीव्हरच्या पुरवठ्यात शिरल्या की त्याला आपलाच गोंगाट ऐकू येतो. शेजाऱ्यांचा त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तीच पिन असलेला अ‍ॅडॉप्टर दोन तास लावून पाहा. प्लस-मायनसची खूण जुळते का ते आधी तपासा. फरक पडला तर नवा अ‍ॅडॉप्टर घ्या आणि त्याला मोकळ्या हवेत लटकवा. जुना उघडून दुरुस्त करायला बसू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर भार राहू शकतो.

प्रश्न: आयटीआयला आहे. अवरक्त गोंगाट ‘दाखवणारं’ काही घरी बनवता येईल का? ऑसिलोस्कोप नाही. (चाळीसगाव)

उत्तर: येईल, आणि तासाभराचं काम आहे. टीव्हीत असतो तसाच रिसीव्हर वापरून तो जे ऐकतो ते एका लाल दिव्यावर दाखवायचं.

साहित्य: टीएसओपी 1738 रिसीव्हर 1, लाल एलईडी 1, 1 किलोओहम आणि 100 ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर प्रत्येकी 1, 4.7 मायक्रोफॅरड 16 व्होल्टचा कपॅसिटर 1, छोटी भोकांची प्लेट आणि एक जुनी यूएसबी केबल. जळगावला गोलाणी मार्केटला जाणं झालं तर तिथे विचारा. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात हे साहित्य मिळतं.

पाय ओळखताना चूक झाली तर रिसीव्हर जागीच जळतो, म्हणून इथे घाई नको. फुगीर बाजू आपल्याकडे धरली की 1738 चे पाय डावीकडून असे: ग्राउंड, पुरवठा, आउटपुट. दुकानदाराने 38238 किंवा 1838बी दिला तर क्रम वेगळा: आउटपुट, ग्राउंड, पुरवठा. एकसारखे दिसतात, म्हणून हातात आलेल्या भागावरचा नंबर वाचूनच सोल्डर करा.

केबलची लाल तार 100 ओहममधून पुरवठ्याच्या पायाला. काळी तार ग्राउंडला. हिरवी आणि पांढरी कापून वेगवेगळी टेप करा. कपॅसिटरचा प्लस पुरवठ्याच्या पायाला आणि मायनस ग्राउंडला, रिसीव्हरच्या अगदी जवळ. हा 100 ओहम आणि 4.7 मायक्रोफॅरडचा जोड गाळणीचं काम करतो. एलईडीचा लांब पाय 1 किलोओहममधून थेट लाल तारेला, आखूड पाय आउटपुटला. रिसीव्हरचा आउटपुट शांततेत वर असतो आणि लुकलुक मिळाली की खाली जातो, म्हणून एलईडी उलट वाटणाऱ्या या जोडणीनेच पेटतो. करंट सुमारे 3 मिलिअँपिअर राहतो, रिसीव्हरची मर्यादा 5 आहे. 1 किलोओहमऐवजी 220 ओहम लावून उजेड वाढवायचा मोह टाळा.

वीज पॉवर बँकेवरून द्या. स्वस्त चार्जरचा स्वतःचा गोंगाट असतो, तो घराच्या माथी मारला जाईल.

आता हा तपासक टीव्हीच्या डोळ्याशेजारी, त्याच दिशेला तोंड करून टेकवा. कुणी काही दाबत नसताना दिवा विझलेला हवा. एखाद-दुसरी ठिणगी चालते. सतत लुकलुकत असेल तर गोंगाट आहे. मग घरातले दिवे, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर आणि कॅमेरे एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद पाहा. एका वेळी दोन गोष्टी बदलू नका. ज्या क्षणी दिवा शांत होईल, तो तुमचा चोर.

उन्हाचा त्रास मात्र या दिव्यावर असा दिसत नाही. ऊन स्थिर आहे, त्यामुळे दिवा विझलेलाच राहतो आणि सगळं ठीक वाटतं. त्यासाठी अंतर मोजा. तपासकासमोर रिमोट दाबत मागे सरका आणि दिवा प्रतिसाद देणं थांबवेल तिथे फरशीवर खडूने खूण करा. सकाळी एक खूण, संध्याकाळी पाचला दुसरी. सकाळची भिंतीपर्यंत आणि संध्याकाळची चार-पाच फुटांवर आली, तर पश्चिमेची खिडकी झाकायची वेळ झाली आहे. या मोजणीत रिमोट आणि सेल तेच ठेवा, नाहीतर दोन खुणांची तुलना होणार नाही.